मदत हवी आहे: दाढीवाल्या मुंग्यांमधली ही बिनदाढीची मुंगी बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी, मी मुलांच्या विज्ञान पुस्तिकांसाठी किड्यामुंग्यांची चित्रं काढते. या वेळी विषय आलाय बिया गोळा करणाऱ्या हार्वेस्टर मुंग्या आणि मी एका मुंगीपाशी दोन दिवस अडकून बसलेय. पोगोनोमिर्मेक्स या त्यांच्या शास्त्रीय नावातल्या पोगोनचा ग्रीक अर्थ दाढी. डोक्याच्या खालच्या बाजूला लांब वाकड्या केसांची टोपलीसारखी रचना असते, सॅमोफोर म्हणतात तिला, बीळ खणताना कोरडी वाळू त्यात धरून बाहेर आणतात. एवढं वाचलेलं, म्हणून झोकात दाढी काढली. आणि नंतर फोटो झूम करून बघते तर हनुवटीखाली इकडेतिकडे चार केस, बस! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.

फोटोवर लेबल आहे पोगोनोमिर्मेक्स इम्बर्बिक्युलस. स्केलवर ४-५ मिमी भरते, रंग तांबूस तपकिरी, डोक्यावर उभ्याआडव्या रेघांची खरबरीत जाळी, पाठीला मागे दोन काटे, आणि कंबरेला दोन गाठी. लेबल चुकलंय की माझे डोळे? अजून एक, त्याच सेटमधे एक मुंगी कामकरीच वाटते, पंख नाहीत, पण छाती जरा भरलेली आणि कपाळावर तीन बारीक ठिपके आहेत. ती धूळ समजून पुसून टाकू का?

प्रतिसाद १
ताई लेबल बरोबर आहे, नावातच उत्तर आहे की. इम्बर्बिस म्हणजे लॅटिनमधे बिनदाढीचा, त्याचं हे लाडकं छोटं रूप. मुंग्यांचा अभ्यासक व्हीलर याने १९०२ मधे हे नाव दिलं आणि त्याच वर्षी अशा मुंग्यांचा वेगळा उपगट केला, एफेबोमिर्मेक्स, म्हणजे मिसरूड न फुटलेल्या पोराची मुंगी म्हणा ना. अमेरिकेचा नैऋत्य भाग आणि उत्तर मेक्सिको हा हिचा मुलूख. वारूळ छोटं, मुंग्या कमी, म्हणून फारशी कुणाच्या नजरेत येत नाही. सगळं कौतुक बार्बाटस म्हणजे त्या मोठ्या लाल हार्वेस्टरचं. कंबरेच्या दोन गाठी मात्र दोघींना सारख्याच, तिथे हात आखडू नका.

प्रतिसाद २
थांबा थांबा, ते ठिपके पुसू नका!! ते साधे डोळे असणार, म्हणजे नेहमीच्या दोन मोठ्या डोळ्यांखेरीज कपाळावर असणारे बारीक डोळे. या जातीत राण्या दोन प्रकारच्या सापडतात, एक नेहमीची पंखवाली आणि दुसरी बिनपंखाची, दिसायला राणी आणि कामकरी यांच्या मधली, इंटरमॉर्फ म्हणतात. १९९२ मधे यावर पेपरही आलाय. कामकरीणीच्या कपाळावर असे ठिपके नसतात आणि पंखांचे स्नायू लागत नाहीत म्हणून तिची छातीही सडपातळ असते, त्यामुळे तुमची ही भरलेल्या छातीची बया बहुतेक राणीच. पण नुसत्या फोटोवर छातीठोक कुणी सांगणार नाही, खात्री पोट उघडून अंडाशय बघितल्यावरच. आणि एक विनंती, चित्रात बीसुद्धा मुंगीच्या मापात दाखवा, लोक शेंगदाण्याएवढं बी काढतात आणि मग मुंगी उंदराएवढी वाटते.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार, मी खरंच ठिपके पुसायला निघाले होते! आता तिला कामकरीच्या शेजारी वेगळी काढते, सारख्याच मापात, म्हणजे मुलांना फरक स्वतः शोधता येईल. पुस्तिकेत सॅमोफोरला "वाळूची दाढी" लिहिलं तर चालेल ना, मला तरी तो जड शब्द मुलांच्या गळी उतरेलसं वाटत नाही. इम्बर्बिक्युलसची दाढी खोडून झाली, पण खोडताना कागद नेमका हनुवटीखालीच खरवडला गेलाय आणि लांबून बघितलं की परत दाढीच दिसतेय. नवीन कागद घेते.