मदत हवी आहे: ओल्या हळदीचे पातळ काप कसे घ्यावेत?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमएस्सी करतेय. हळकुंडाच्या पेशींत करक्युमिन (हळदीचं पिवळं रंगद्रव्य) नेमकं कुठे साठतं ते इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय. 10 मायक्रॉनच्या ठिपक्यावर साध्या यंत्राचा प्रकाश फार क्षीण पडतो, म्हणून इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रातल्या सिंक्रोट्रॉनसाठी (वेगवान इलेक्ट्रॉनपासून अतिप्रखर प्रकाश देणारं यंत्र) अर्ज करावा म्हणते.

घोडं अडलंय कापांवर. मेणात बसवायचे तर आधी पाणी काढायला वापरतात त्या अल्कोहोलमध्येच करक्युमिन विरघळतं, आणि इन्फ्रारेड वर्णपटात मेणाची शिखरं 2850 ते 2920 प्रति सेंमीला, थेट मेदाच्या जागी! ओले ठेवले तर पाण्याचा 1640 चा पट्टा प्रथिनांचं 1650 चं शिखर झाकतो.

गोठवूनच कापावेत असं वाटतंय. मिरज-कोल्हापूरकडे क्रायोस्टॅट (गोठवलेल्या नमुन्याचे पातळ काप घेणारं यंत्र) कुठे वापरायला मिळेल? स्टार्चचे कण न निसटता काप कॅल्शियम फ्लोराइडच्या (इन्फ्रारेड आरपार जाऊ देणाऱ्या) चकतीवर कसा बसवायचा? हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, यंदाचा ओला माल संपत आलाय.