मदत हवी आहे: र्‍याकुनिन १ म्हणजे १२३८ की १२३९?

नमस्कार मंडळी. कामाकुरा काळातल्या जपानचा एक कालपट मराठीत करतोय आणि 'र्‍याकुनिन' या चिमुकल्या जपानी शकापाशी (वर्षं मोजायला दिलेल्या कालनामापाशी) गाडी अडली आहे.

सम्राट शिजो तेव्हा सात वर्षांचा, प्रत्यक्ष कारभार होजो यासुतोकीच्या हाती. कातेई शकाच्या चौथ्या वर्षी, अकराव्या महिन्याच्या २३ तारखेला शक बदलून 'र्‍याकुनिन' केला. ज्युलियन पंचांगाने तो दिवस ३० डिसेंबर १२३८. पुढे १३ मार्च १२३९ ला तोही बदलून 'एन्ओ' आला. जेमतेम अडीच महिने! नावाचा उच्चार 'माणसं नाहीशी होणं' अशा अर्थाच्या शब्दासारखा होतो, म्हणून लोकांनी तो अशुभ मानला, असं सांगतात. गंमत म्हणजे नावातलं पहिलंच अक्षर 'पंचांग' या अर्थाचं आहे.

माझी अडचण अशी. कोष्टकांत र्‍याकुनिन १ समोर सरसकट १२३८ छापलेलं असतं. पण त्या वर्षातले १२३८ मधले दिवस दोनच, बाकी सगळे १२३९ चे. आपल्याकडे इसवी सन काढायला शालिवाहन शकात ७८ मिळवतो, पण पौषात जानेवारी उजाडला की ७९ धरावे लागतात, तसलंच हे.

तर बाराव्या महिन्यातल्या दस्तऐवजापुढे कंसात काय लिहू? १२३८, १२३९, की १२३८-३९? आणि दिनांक ज्युलियनच ठेवायचे की ग्रेगोरियन करायचे? जपानी किंवा मोडी कागदांवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.