मदत हवी आहे: कानकूनच्या बाजूला दोघांची सहल, समुद्र आणि माया अवशेष दोन्ही कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही दोघं डॅलसहून मेक्सिकोला, कानकूनच्या बाजूला जायचं ठरवतोय. सध्या मुक्काम लेकीकडे आहे. लग्नाची पंचवीस वर्षं म्हणून लेक-जावयाने विमानाची तिकिटं काढून हातात ठेवली, "बाकीचं तुम्ही ठरवा" म्हणाले, आणि तिथेच घोडं अडलंय. मला समुद्र हवा, अहोंना दगड.

थट्टा नाही. अहोंचं तरुणपण सह्याद्रीतले गड धुंडाळण्यात गेलं. आता गुडघे बोलायला लागलेत, तरी पडका बुरुज दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. गेला महिनाभर ते तिथल्या प्राचीन माया लोकांवरचं मिळेल ते वाचतायत. जेवताना मला चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडचं गणित सांगून झालं: चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. मी म्हटलं, बरं झालं चढायला बंदी आहे ते! माझं मागणं साधं आहे. खुर्ची, सावली, पुढ्यात निळं पाणी, आणि संध्याकाळी कुठे पोचायचं नाही.

हाताशी आठेक रात्री आहेत. व्हिसाचं काम झालंय असं समजते. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री पर्यटक व्हिसा आहे आणि तो चालू असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. (एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी लक्षात घ्या, पासपोर्टवरचा शिक्का मुदतीतला हवा. नुसत्या मंजुरीच्या कागदावर मेक्सिकोत शिरता येत नाही, असं जावई सांगत होता.) तारखाही विचार करून घेतल्यात. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, म्हणजे तो सरत आलेला असेल. ते सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ उन्हाळ्यात किनाऱ्यावर ढिगाने येतं, तेही तोवर ओसरतं. नाताळची भाववाढ अजून सुरू व्हायची असते.

प्रश्न मुक्कामाचा आहे. लेकीचं म्हणणं, कानकूनच्या हॉटेल झोनमध्ये ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट घ्या, खाणंपिणं सगळं आत, आणि अवशेष बघायला तिथूनच दिवसाच्या टूर करा. ऐकायला सोपं आहे. पण मी त्या टूरची वेळापत्रकं नीट वाचली. सकाळी सातला गाडी येणार, मग अजून चार-पाच हॉटेलांतून माणसं गोळा करणार, वाटेत कुठल्याशा दुकानात थांबणार, आणि चिचेन इत्साला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. कानकूनपासून ते सुमारे २०० किलोमीटर, अडीच तास जायला आणि तेवढेच यायला. एवढा आटापिटा करून अहोंच्या वाट्याला दीड तास आणि माझ्या वाट्याला बसची खिडकी, हा सौदा मला पटत नाही.

दुसरा विचार असा की आधी आतल्या भागात कुठेतरी राहून अवशेष उरकावेत आणि शेवटच्या चार रात्री निवांत समुद्रावर काढाव्यात. पण आत म्हणजे कुठे? वायादोलिद की मेरिदा? चिचेन इत्सा नक्की आहे. तुलुम, कोबा, एक बालाम, उश्माल यांतलं काय घ्यावं, काय सोडावं? अहोंना सगळंच हवंय, पालेंकेसुद्धा. नकाशावर त्यांना ते जवळ दिसतं. मी अंतर दाखवलं तेव्हा गप्प झाले.

आणखी एक. अहो पक्के शाकाहारी, अंडंही नाही. मी मासे खाते. मला पोहता येत नाही, पण गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभी राहू शकते. तर समुद्र शांत हवा.

जाऊन आलेल्यांनी सांगा. "सगळंच छान आहे, काहीही बघा" असं कृपया नको, निवड करायला मदत हवी आहे.

— शेवग्याची शेंग

प्रतिसाद: मीठमिरची

वायादोलिद. डोळे झाकून.

चिचेन इत्सा तिथून पाऊण तासावर आहे. दार आठला उघडतं. आठच्या ठोक्याला दारात उभ्या राहा, कानकूनच्या बसा दहा-साडेदहानंतर येऊ लागतात. मधला वेळ तुमचा. एक गंमत माहीत असू द्या: कानकून किंताना रो राज्यात आहे आणि वायादोलिद, चिचेन युकातान राज्यात. युकातानचं घड्याळ कानकूनच्या एक तास मागे. जाताना तास फुकट मिळतो, परतताना कापला जातो. परतीच्या विमानाच्या दिवशी हे विसरू नका.

मोठ्या पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवा. पायऱ्यांवरून जो आवाज परत येतो तो टाळीचा वाटतच नाही, पक्ष्याने चिवचिवल्यासारखा येतो. तिथले गाईड सांगतात की हा केत्साल नावाच्या पक्ष्याचा आवाज. मुद्दाम तसं बांधलं की आपसूक झालं यावर वाद घालायला अहोंना भरपूर वाव आहे. चेंडूचं मैदानही सोडू नका, १६८ मीटर लांब आहे. त्याच्या शेजारच्या चौथऱ्यावर कवट्यांच्या रांगा कोरल्यात, त्या जवळ जाऊन बघा. सावली फार कमी, टोपी आणि पाणी हवंच. नऊनंतर विक्रेते मांडामांड करतात आणि जॅग्वारच्या डरकाळीसारख्या शिट्ट्या वाजवत सुटतात. पहिल्यांदा दचकायला होतं, विसाव्यांदा डोकं उठतं.

तिकीट दोन भागांत असतं, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, एक राज्याचं. पेसोत रोख रक्कम जवळ ठेवा. रविवार टाळा, त्या दिवशी स्थानिकांना प्रवेश मोफत असतो आणि जत्रा भरते.

प्रतिसाद: टाकेहर्ष

अहोंच्या बाजूने एक मत. चिचेन बघाच, पण जीव रमेल तो उश्मालला.

चिचेनला तुम्ही दोरीबाहेरून बघता. उश्मालला गर्दी कमी, झाडी जास्त, आणि दगडावरचं काम इतकं बारीक की एका भिंतीसमोर अर्धा तास सहज जातो. राज्यपालाचा वाडा म्हणतात ती इमारत जवळपास शंभर मीटर लांब आहे आणि वरच्या पट्टीत चाक या पर्जन्यदेवाचे मुखवटे एकाशेजारी एक बसवलेत. नाक हत्तीच्या सोंडेसारखं पुढे येऊन वळलेलं. एकेक मुखवटा अनेक सुट्या घडीव दगडांचा जोडलेला, सांधे दिसतात. जादूगाराचा पिरॅमिड सुमारे ३५ मीटर उंच, पण त्याचे कोपरे गोलसर आहेत. इतरत्र असा सहसा दिसत नाही.

आणि हा पर्जन्यदेव इथेच इतका का, हे अहोंना लगेच कळेल. युकातानची जमीन चुनखडीची, पाऊस झिरपून खाली जातो, वर नदी वाहत नाही. चिचेनच्या बाजूला निदान सेनोते आहेत, म्हणजे छत कोसळून उघडे पडलेले भूमिगत पाण्याचे डोह. उश्मालच्या पट्ट्यात तेही नाहीत. म्हणून त्यांनी जमिनीत बाटलीच्या आकाराचे हौद खणून आतून गिलावा केला आणि पावसाचं पाणी साठवलं. चुल्तुन म्हणतात त्याला. गडावरच्या टाक्यांवर ज्याने पाणी प्यायलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मेरिदापासून ८० किलोमीटर. म्हणजे मेरिदात दोन रात्री काढाव्या लागतील. समुद्राची एक रात्र जाईल, त्याबद्दल क्षमस्व, मावशी.

पालेंके खरंच सोडा. पाकाल राजाची समाधी अप्रतिम आहे, पण ते दूर चियापास राज्यात. त्याची वेगळी सहल करावी.

प्रतिसाद: वाळूचा किल्ला

तुलुमबद्दल थोडं वेगळं मत. अवशेष म्हणून ते छोटं आहे. बाकी शहरं वैभवात असताना ते फारसं कुठे नव्हतं, उत्तरकाळातलं तटबंदीचं बंदर. १५१८ मध्ये ग्रिहाल्वा या स्पॅनिश दर्यावर्दीच्या जहाजांवरच्या लोकांनी समुद्रातून ते पाहिलं तेव्हा वस्ती चालू होती. पण कड्यावर देऊळ आणि खाली कॅरिबियन समुद्र, हे दुसरीकडे मिळत नाही. तुमच्या दोघांच्या भांडणाची तडजोड एकाच चौकटीत! हल्ली तो भाग हाग्वार (जॅग्वार) नावाच्या उद्यानात घेतलाय, त्यामुळे तिकिटांचे तुकडे वाढलेत आणि चालणंही. सकाळी लवकर जा, दोन तास पुरतात. तुलुममध्ये राहू मात्र नका, पैसे जास्त आणि रस्त्यावर गाड्यांची रांग.

कोबाला गुडघेवाल्यांची सोय आहे. आत अंतरं मोठी आहेत, पण जंगलातून पायडल मारत नेणाऱ्या तीनचाकी मिळतात, दोघांनी पुढे बसायचं. तिथला नोहोच मुल पिरॅमिड ४२ मीटर उंच आहे. तिथून निघालेला पांढरा रस्ता, साकबे, सुमारे १०० किलोमीटरवरच्या याशुना या माया शहरापर्यंत जात होता. चाक वाहतुकीला न वापरणाऱ्या आणि ओझ्याची जनावरं नसलेल्या लोकांनी असा रस्ता बांधला, हे मला पिरॅमिडपेक्षा जास्त भारी वाटतं.

प्रतिसाद: काकडीची कोशिंबीर

शाकाहाराचं सांगते, इथे नेहमी गोंधळ होतो. घेवड्याच्या फ्रिहोलेसमध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला मान्तेका म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो" हे कागदावर लिहून न्या आणि दाखवा. भोपळ्याच्या बियांची भाजून वाटलेली सिकिल पाक नावाची चटणी मिळते, टोमॅटो, कोथिंबीर, हाबानेरो मिरची घातलेली. आपली तिळाची चटणी आवडत असेल तर ही आवडेलच. पापाद्सुलेस मागवू नका, आत अंडं असतं. संध्याकाळी वायादोलिदच्या चौकात मार्केसीता खा, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं एडाम चीज. त्या पिठातही अंडं असतं, म्हणजे ती तुम्ही एकटीने खायची.

समुद्रासाठी इस्ला मुहेरेस हे बेट. कानकूनच्या पुएर्तो हुआरेस धक्क्यावरून बोटीने वीस मिनिटं. उत्तर टोकाचा प्लाया नोर्ते उथळ आणि शांत आहे, गुडघाभर पाणी आत बरंच लांबपर्यंत. हॉटेल झोनचा पूर्वेकडचा किनारा दिसायला सुंदर, पण लाटा जोरदार आणि पाण्याला ओढ असते. तिथे लाल झेंडा असेल तर पायही घालू नका. बेटावर भाड्याने गोल्फ कार्ट मिळते, चालायला नको. एकच सांगून ठेवते: नोव्हेंबरपासून अधूनमधून उत्तरेचा गार वारा सुटतो, नोर्ते म्हणतात, तेव्हा बोटी बंद ठेवतात. बेटावरून थेट विमानतळ गाठायचा बेत ठेवू नका, शेवटची रात्र कानकूनला काढा.

प्रतिसाद: शेवग्याची शेंग (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार! टाकेहर्ष, तुमचा प्रतिसाद अहोंना मोठ्याने वाचून दाखवला. चुल्तुन ऐकल्यावर ते उठून वही घेऊनच आले. आता उश्माल रद्द करायची माझी टाप नाही.

तर असं ठरतंय: उतरलो की थेट वायादोलिद, दोन रात्री, चिचेन आणि जवळचं एखादं सेनोते. मग मेरिदा दोन रात्री, उश्माल. तिथून इस्ला मुहेरेस तीन रात्री, शेवटची कानकून. तुलुम आणि कोबा सोडले. वाळूचा किल्ला, राग मानू नका, पण तुलुमला गेले तर माझी एक समुद्राची सकाळ जाते, आणि ती मी कुणाला देणार नाही.

आता शेवटची शंका. गाडी भाड्याने घ्यावी का? अहोंना रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नाही. माया ट्रेनचं काय? कुणी बसलंय का?

प्रतिसाद: मीठमिरची

तुमच्या बेताला गाडी नको. ऑनलाइन भाडं फुकटात दिसतं, पण तिथल्या कायद्याप्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा लागतो आणि तो काउंटरवर वर चढतो. गावोगावी तोपेस आहेत, म्हणजे गतिरोधक, अर्ध्यांना रंग नाही. अंधारात नवख्या माणसाने चालवू नये.

एडीओ कंपनीच्या बस चांगल्या आहेत. कानकून ते वायादोलिद, वायादोलिद ते मेरिदा, मेरिदा ते कानकून, सगळीकडे थेट जातात आणि गावात सोडतात. आत एसी एवढा असतो की शाल लागते. माया ट्रेनची स्थानकं गावांपासून लांब आहेत, उतरून पुन्हा वाहन शोधायचं, गाड्याही मोजक्याच. हौस म्हणून एक टप्पा करा, वेळ वाचेल म्हणून नको. चिचेनला आठच्या आत पोचायला आदल्या रात्री हॉटेलवाल्याला सांगून टॅक्सी ठरवा, भाडं आधी बोलून. सेनोतेत उतरण्याआधी शॉवर घ्यायला लावतात आणि अंगाला सनस्क्रीन चालत नाही, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या. लाइफ जॅकेट तिथे मिळतं, पोहता येत नसलं तरी उतरा.

आणि निघण्याआधी तुमच्या प्रवास विम्याचे कागद काढून बघा. आई-वडिलांसाठी अमेरिकेचा म्हणून घेतलेल्या विम्यात मेक्सिको धरलेलं असेलच असं नाही. जावयाला आजच फोन करायला सांगा.