रानात सापडलेले वितळलेल्या धातूचे गोळे कसे ओळखायचे?

केंटवासी
नमस्कार. मी इंग्लंडात केंटमध्ये राहतो. शेतमालकाची लेखी परवानगी घेऊन कापणी झालेल्या रानात धातू शोधणारा डिटेक्टर फिरवतो. एकाच उतारावर वितळून थिजलेले तीन गोळे मिळाले. पहिला राखाडी, वर पांढरट पूड, आकाराच्या मानाने फार जड. दुसरा हलका, खडबडीत, आत खडे अडकलेले. तिसरा हिरवा, एका बाजूने फुगीर, दुसरीकडून सपाट, तुटल्या कडेला भोकंच भोकं. डिटेक्टरवर तिघांचेही आकडे चांदीच्या नाण्यासारखे येतात, चुंबक एकालाही लागत नाही. नाणं असतं तर पुस्तकात पाहिलं असतं. फेकवत मात्र नाहीत.

ओतशाळा
आकड्यावर जाऊ नका. वाहकता आणि आकार मिळून तो येतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गोळाही चांदीसारखा बोलतो. आमच्या घरी पितळेचं ओतकाम आहे. आम्ही घनता पाहतो. आधी गोळा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि गोळा दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. २.७ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, ७.१ जस्त, ७.३ कथील, ८.५ ते ८.९ पितळ, कासं किंवा तांबं, ११.३ शिसं. आत पोकळी असली की आकडा खाली येतो. आणि पांढऱ्या पुडीला हात लागला तर साबणाने धुवा, ते शिसंच असणार.

जुनी वाट
शिसं ३२७ अंशांना वितळतं, साध्या शेकोटीतही. त्यामुळे असे ओघळ जागोजागी मिळतात, त्यावरून काळ सांगता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमला ६६० लागतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये केंटवर कितीतरी लढाऊ विमानं पडली, तेव्हा आसपास रिव्हेट मारलेला पत्रा मिळतो का ते आठवून पाहा. मिळत असेल तर खणणं तिथेच थांबवा. १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानाच्या जागेला संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो.

माझा जीव अडकलाय तो हिरव्यात. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणजे भाता आणि भट्टी आलीच. फुगीर-सपाट, सच्छिद्र तुकडा कांस्ययुगात तांबं वितळवून ओतलेल्या लादीचा (इंगॉटचा) असू शकतो. कृपा करून चिंच लावून घासू नका! तो हिरवा थरच तपासणाऱ्याला हवा असतो. जागेचे अक्षांश-रेखांश लिहून जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. तशीच आणखी एखादी प्रागैतिहासिक वस्तू शेजारी निघाली तर कायद्याने तो ‘ट्रेझर’, म्हणजे ऐतिहासिक ठेव, ठरतो आणि १४ दिवसांत कळवावं लागतं.

केंटवासी
मोजलं: ११.२, २.६ आणि ८.१. दुसऱ्याजवळ रिव्हेटवाला पत्रा खरंच होता, मी तो डबे-बाटल्यांच्या कचऱ्यात टाकला होता. बाहेर काढून वेगळा ठेवलाय, शेतमालकालाही कळवलं. तो पट्टा आता बंद. हिरवा मातीसकट डबीत ठेवलाय, ऑफिसरना ईमेल गेली आहे.