आठ महिन्यांच्या मुलीचा पासपोर्ट : फोटो नाकारला गेला, पुढची तयारी कशी करावी?

प्रश्न : गुहागरची सून

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिचे बाबा मस्कतला नोकरीला असून दिवाळीनंतर आम्ही दोघींनी त्यांच्याकडे जावे असे घरात ठरले आहे, म्हणून तिचा पासपोर्ट काढायचा आहे. अर्ज मी स्वतःच पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरला, शुल्क भरले आणि मिळालेल्या तारखेला सासूबाईंना सोबत घेऊन पहाटेच्या पहिल्या एसटीने निघाले. केंद्रावर पहिल्याच खिडकीशी मुलीचा फोटो हातात घेऊन तो चालणार नाही असे सांगण्यात आले. मी तिला धरून बसले होते, त्यामुळे माझी चार बोटे तिच्या काखेखाली दिसत होती. मागच्या पांढऱ्या पडद्यावर तिच्या डोक्याची सावली पडली होती आणि उजव्या गालावर काजळाची तीट होती. बाहेरून दुसरा फोटो काढून आणण्याची मुभा त्यांनी दिली, पण तोवर ती रडून रडून लाल झाली होती. दुकानात तीनदा प्रयत्न करूनही डोळे उघडे असलेला एकही फोटो मिळाला नाही आणि आम्ही तसेच परत आलो.

आता तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे. एवढ्या लहान बाळाचा फोटो नियमात बसेल असा कसा काढावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. कागदपत्रांची तयारी माझ्या समजुतीप्रमाणे पूर्ण आहे. माझा पासपोर्ट, यजमानांच्या पासपोर्टची प्रत, दोघांच्या सह्यांचे परिशिष्ट डी, म्हणजे मुलीच्या पासपोर्टसाठी आई-वडिलांनी द्यायचे संमतीचे घोषणापत्र (यजमानांनी सही करून मोबाइलवर पाठवले, त्याची छापील प्रत) आणि मुलीचा जन्मदाखला असे सर्व आहे. बाळंतपण माहेरी वेंगुर्ल्याला झाले, त्यामुळे दाखला तिथल्या नगर परिषदेचा आहे. तो बारशाच्या आधीच काढल्यामुळे त्यात नावाचा रकाना रिकामा आहे, बाकी सर्व नोंदी बरोबर आहेत.

उत्तर : छायाचित्रकार, चिपळूण

ताई, प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक पालकांना ती ठाऊक नसते. मोठ्या माणसांचा फोटो केंद्रातच कॅमेऱ्याने काढला जातो, त्यांना फोटो न्यावा लागत नाही. चार वर्षांखालील मुलांचा फोटो मात्र आपण न्यायचा असतो. तो रंगीत हवा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा आणि आकार ४.५ सेंटीमीटर उंच व ३.५ सेंटीमीटर रुंद असा हवा. दुकानात नुसते 'पासपोर्ट साइज' म्हटले की निरनिराळ्या मापांचे फोटो हाती पडतात, तेव्हा माप सांगूनच छापून घ्यावा.

आठ महिन्यांच्या बाळाला बसवून फोटो काढण्याचा आग्रह धरू नये. बसवले की कोणीतरी धरावे लागते आणि मग आपल्या फोटोत झाले तेच होते. स्वच्छ धुऊन कडक इस्त्री केलेली पांढरी चादर जमिनीवर अंथरावी, बाळाला तिच्यावर उताणे निजवावे आणि कॅमेरा बरोबर चेहऱ्याच्या वर धरून फोटो घ्यावा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओटीवर किंवा पडवीत, ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर असतो अशी जागा निवडावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅशने बुबुळे लाल येतात आणि कानामागे काळी सावली पडते. आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. चिऱ्याची उघडी भिंत जवळ असली की तिचा तांबूस रंग चादरीवर उतरतो आणि पांढरी पार्श्वभूमी गुलाबी दिसू लागते, म्हणून भिंतीपासून निदान पाच-सहा फूट दूर निजवावे. मोबाइल अगदी नाकाशी नेल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात. तीन-साडेतीन फुटांवरून फोटो घेऊन तो नंतर कापावा.

अंगावर गडद रंगाचे झबले असावे, पांढरे किंवा फिके नको. टोपरे, कुंची काढून ठेवावी. तीट आणि डोळ्यांतील काजळ आदल्या रात्रीच खोबरेल तेलाच्या बोटाने पुसून घ्यावे, कारण ऐनवेळी पुसले तर ते गालभर पसरते. फोटोच्या दिवशी तीट लावली नाही तर दृष्ट लागेल अशी काळजी सासूबाईंना वाटत असल्यास ती तळपायाला लावावी. आमच्या घरी आजही असेच करतात. खुळखुळा बाजूला न वाजवता कॅमेऱ्याच्या अगदी मागे वाजवावा म्हणजे नजर सरळ येते. दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेले आणि दोन्ही कानांकडच्या कडांसह कपाळापासून हनुवटीपर्यंत पूर्ण चेहरा असा एक क्षण मिळण्यासाठी मी स्वतः कधी कधी साठ-सत्तर फोटो घेतो. हे काम बाळ झोपून उठल्यावर, पोट भरलेले असताना करावे.

मोबाइलमधील चेहरा उजळ करणारी सोय कृपया बंद ठेवावी आणि पार्श्वभूमी ॲपने कापून पांढरी करू नये. तसे करताना बाळाचे विरळ जावळ आणि कानाची पाळी कापली जाते.

उत्तर : सेवा केंद्र चालक, वेंगुर्ला तालुका

फोटोविषयी वर जे लिहिले आहे ते उत्तमच आहे. मला मात्र आपल्या प्रश्नातील शेवटच्या वाक्याची अधिक काळजी वाटते. फोटो एका सकाळी पुन्हा काढता येतो, पण नावाचा रकाना रिकामा असलेला जन्मदाखला घेऊन आपण पुन्हा केंद्रावर गेलात तर तीन आठवड्यांनंतरही परतच यावे लागेल. मागच्या वेळी फोटोपाशीच काम अडल्यामुळे दाखल्याची तपासणी झालीच नसावी.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म-मृत्यू निबंधकाचा किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचा जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. मोठ्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्ड असे पर्याय आहेत. आपल्या मुलीला हा एकच कागद आहे, त्यामुळे तो पूर्ण आणि निर्दोष असलाच पाहिजे. नोंदीत नाव घालण्याची तरतूद कायद्यातच आहे. जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. मुलगी आठ महिन्यांची असल्याने आपण मुदतीत आहात. मात्र जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे हे काम होते. गुहागरला अर्ज करून उपयोग नाही, वेंगुर्ल्यालाच यावे लागेल. आई-वडिलांची ओळखपत्रे आणि जुना दाखला सोबत आणावा. गणपती जवळ आले आहेत. त्या दिवसांत एसटी व रेल्वे भरलेल्या असतात आणि कार्यालयांतही माणसे कमी असतात, म्हणून चतुर्थीच्या आधीच हे उरकावे.

नाव घालताना इंग्रजी स्पेलिंग तिथेच बसून अक्षर अक्षर तपासावे. तिचे नाव, आपले नाव आणि यजमानांचे नाव तिघांच्या कागदांवर तंतोतंत सारखे असावे. एका पालकांच्या दाखल्यात वडिलांच्या नावाला शेवटी एक 'ए' जास्त होता, तेवढ्या एका अक्षरासाठी त्यांना दोन फेऱ्या पडल्याचे मी पाहिले आहे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. ते पासपोर्टवर हवे असेल तर अर्जातील पहिल्या रकान्यात मुलीच्या नावाला जोडून लिहावे आणि आडनाव स्वतंत्र रकान्यात लिहावे.

शुल्काविषयीही सांगतो, कारण अनेक जण दलालाला दुप्पट देतात. अल्पवयीन मुलांसाठी सर्वसाधारण शुल्क १००० रुपये आहे आणि आठ वर्षांखालील मुलांच्या नव्या पासपोर्टवर त्यात १० टक्के सूट आहे, म्हणजे ९०० रुपये होतात. तत्काळ हवा असल्यास २००० रुपये जास्त लागतात. आपल्याला दिवाळीनंतर जायचे असल्याने तत्काळची गरज मला दिसत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो. तसे दिसणारी पण जास्त पैसे घेणारी खोटी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. भेटीची वेळ वर्षभरात ठरावीक वेळाच बदलता येते, तेव्हा दाखला हाती येईपर्यंत उगाच तारखा बदलत बसू नये.

उत्तर : मस्कतमध्ये राहणारा राजापूरकर

वहिनी, परिशिष्ट डीविषयी मी लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या वेळी हीच चूक माझ्याकडून झाली होती. एक पालक परदेशात असेल तर मोबाइलवर पाठवलेल्या सहीची छापील प्रत पुरेशी होत नाही. भारतातील पालकाने म्हणजे आपण परिशिष्ट डी भरायचे आणि इकडच्या पालकाने संमतीचे प्रतिज्ञापत्र भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून त्याची मूळ प्रत आपल्याकडे पाठवायची, अशी पद्धत आहे. परिशिष्ट डी साध्या कागदावर चालते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नियम सुटसुटीत झाल्यापासून त्यासाठी नोटरीची किंवा मुद्रांकाची गरज राहिलेली नाही. दूतावासातील साक्षांकन मात्र टळत नाही.

माझे प्रतिज्ञापत्र कुरिअरने राजापूरला पोहोचेपर्यंत पत्नीची ठरलेली तारीख निघून गेली होती. आपल्याकडे तीन आठवडे आहेत, म्हणून भाऊंना आजच दूतावासाची वेळ घ्यायला सांगावे. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते हेही त्यांनी लक्षात धरावे. गावी कोणी ओळखीचे येत असेल तर कागद त्यांच्या हातीच द्यावा. गणपतीला इकडून पुष्कळ मंडळी येतात. सोबत भाऊंच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची त्यांनी सही केलेली प्रतही मागवावी. आपल्या पासपोर्टवर पती म्हणून त्यांचे नाव नोंदलेले असेल तर मुलीसाठी पोलीस पडताळणीची गरज सहसा पडत नाही.

पुढे मुलीच्या पासपोर्टचे नूतनीकरण इकडे करावे लागले, तर फोटोचे नियम आणखी काटेकोर आहेत. परदेशातील भारतीय दूतावासांत सप्टेंबर २०२५ पासून ६३० गुणिले ८१० पिक्सेलचा आणि चेहऱ्याने ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला फोटो मागतात. एवढ्या लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे ती वेळ येईलच.

गुहागरची सून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दाखल्यातील रिकाम्या रकान्यामुळे एवढे अडेल हे माझ्या मनातही आले नव्हते. यजमानांशी बोलले असून ते रविवारी दूतावासात जाणार आहेत आणि मी मुलीला घेऊन सोमवारी वेंगुर्ल्याला निघते आहे. फोटो माहेरच्या पडवीतच काढावा असा विचार आहे, तिथे चिऱ्याच्या भिंतीला पांढरा गिलावा आहे. एकच शंका उरते. फोटो घरच्या प्रिंटरवर छापला तर चालेल का?

छायाचित्रकार, चिपळूण

घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापू नये. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ती शाई फुटते. गेल्या श्रावणात एका आजोबांनी नातवाचा तसा फोटो पाकिटातून काढून दाखवला, तेव्हा बाळाच्या ओठांचा रंग हनुवटीपर्यंत उतरला होता. फोटो मोबाइलमधून मूळ आकारातच दुकानात न्यावा, मेसेजवरून पाठवल्यास तो बारीक होऊन अस्पष्ट छापला जातो. फोटोच्या कागदावर आठ प्रती छापून घ्याव्यात, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद कराव्यात आणि पिशवी दप्तरात कागदांच्या मधोमध ठेवावी. वरच्या कप्प्यात ठेवल्यास एसटीच्या खिडकीतून येणारा पाऊस तिथेच आधी पोहोचतो.