थर्टी डेज ऑफ नाइट: अंधार पटला, तीस दिवस पटले नाहीत

निशाचर:
डेव्हिड स्लेडचा २००७ चा सिनेमा. अलास्काच्या उत्तर टोकावरचं बॅरो हे गाव. महिनाभर सूर्य नाही, बाहेर जायला रस्ता नाही, आणि नेमक्या त्या काळात व्हॅम्पायरांची टोळी गावात घुसते. (पुढे रसभंग आहे, शेवटासकट. बघायचा असेल तर इथेच थांबा.)

सुरुवात मला फार आवडली. जाळलेले फोन, मारून टाकलेली स्लेजची कुत्री, मोडलेलं हेलिकॉप्टर. एकही दात दिसायच्या आत गावाची नाकेबंदी झालेली असते. पण वाचलेली माणसं माळ्यावर लपली की सिनेमाचा वेग बसतो. मध्येच पडद्यावर कितवा दिवस ते सांगणारी पाटी येते, दिवस सरतात, आणि माणसं होती तशीच. टोळीचा म्होरक्या मार्लो याला संपवायला गावचा शेरीफ एबेन स्वतःच्या नसेत व्हॅम्पायरचं दूषित रक्त टोचून घेतो आणि मग सूर्य उगवताना बायको स्टेलाच्या मिठीत त्याची राख होते, हा शेवटही कितीतरी जणांना ओढूनताणून आणलेला वाटतो.

जाणकारांना विचारायचं ते असं: बॅरोत खरंच तीस दिवस मिट्ट काळोख असतो का? मधला भाग का फसतो? आणि हा शेवट पटण्यासारखा आहे का?

ध्रुववृत्त:
काळोखापुरतं सांगतो. गाव खरं आहे. २०१६ मध्ये मतदान होऊन त्याचं नाव पुन्हा उटकिआग्विक झालं. ते साधारण ७१.३ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य नोव्हेंबरच्या १८ तारखेच्या आसपास मावळतो तो थेट जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगवतो, म्हणजे जवळपास ६५ दिवसांनी. सिनेमाने रात्र निम्म्याहून कमी केली आहे.

पण खरी गफलत दुसरीच आहे. सूर्य न उगवणं म्हणजे काळोख नव्हे. २१ डिसेंबरला, म्हणजे सगळ्यात वाईट दिवशी, भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पाच अंश खाली असतो. सूर्य सहा अंशांपेक्षा कमी खाली असेल आणि आभाळ मोकळं असेल, तर दिव्याशिवाय बाहेर वावरता येतं. असा संधिप्रकाश तिथे त्या दिवशीही सुमारे तीन तास मिळतो. बर्फावर तो निळसर पसरतो. सिनेमातला अखंड काळोख म्हणूनच खोटा आहे. माझ्या मते तर हे वाया घालवलेलं धन आहे. रोज दुपारी तीन तास अर्धवट उजेड, त्यात माणसांना दूरवर दिसतं आणि व्हॅम्पायरांनाही माणसं दिसतात. लपून बसलेल्यांनी बाहेर पडायचं कधी, हा प्रश्न त्या उजेडामुळे रोज नव्याने उभा राहिला असता.

शेवटचा सूर्योदयही असाच. ध्रुवीय रात्रीनंतरचा पहिला सूर्य पूर्वेला पहाटे उगवत नाही. घड्याळात दुपारी एक-दीडच्या सुमारास तो थेट दक्षिणेला डोकं वर काढतो आणि तासाभरात परत बुडतो. त्याआधी कित्येक दिवस दुपारचं आभाळ उजळत गेलेलं असतं. शेकडो वर्षं जगलेल्या टोळीला हे कळत नसेल, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

हिमरेषा:
मधला भाग फसतो तो थंडीमुळे. थंडी दिसतच नाही! चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झालं, बराचसा बर्फ बनावट आहे, आणि कित्येक प्रसंगांत बोलताना तोंडातून वाफसुद्धा निघत नाही. डिसेंबरात बॅरोतलं सरासरी तापमान उणे २० सेल्सिअसच्या आसपास असतं. गावातली घरं जवळच्या वायुक्षेत्रातल्या नैसर्गिक वायूवर तापतात. वीज गेली की भट्टीचा पंखा आणि नियंत्रक बंद, म्हणजे वायू असूनही घर गार. अशा घराच्या माळ्यावर माणसं दिवसेंदिवस काढतात आणि कुणाची बोटं काळी पडत नाहीत, कुणी पाणी मागत नाही.

हिशोब करा. अंगमेहनत नसली तरी माणसाला दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी लागतं. बर्फ वितळवायचा तर इंधन हवं, आग पेटवली तर उजेड आणि वास बाहेर जातो. कोंडलेल्या खोलीत आठ-दहा जणांच्या श्वासातली वाफ खिडकीच्या काचेवर आणि छताच्या खिळ्यांवर गोठते. पांढरी झालेली काच म्हणजे आत माणसं असल्याची जाहिरातच. भीतीचं इतकं साहित्य हाताशी असून पटकथेने त्याला हात लावला नाही. त्याऐवजी पाटी टाकून आठवडे ओलांडले. काळ गेल्याचं सांगितलं जातं, अंगावर येत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी नेमकी पकडली. गोठलेली जमीन घराच्या उबेने वितळून खचू नये म्हणून तिथली घरं खांबांवर उभी करतात, आणि घराखाली पोकळी राहते. हल्ल्याच्या रात्री ती पोकळी फार परिणामकारक वापरली आहे.

पडद्यामागे:
वर दोघांनी भूगोलावर बोट ठेवलं ते मान्य, पण दिग्दर्शनाला श्रेय द्यायला हवं. हल्ल्याचा तो वरून घेतलेला शॉट आठवा. कॅमेरा रस्त्यावरून सरकत जातो, खाली पांढऱ्या बर्फावर लाल रेघा, धावणारी माणसं मुंग्यांएवढी. चेहरे दिसत नाहीत म्हणूनच पोटात गोळा येतो. संपूर्ण गाव एका दमात संपताना दिसतं.

व्हॅम्पायरांची भाषाही मुद्दाम घडवलेली आहे, ऑकलंड विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञाच्या मदतीने. घशातले आणि टाळूवरचे कडक आवाज, खाली उपशीर्षकं. डॅनी ह्यूस्टनचा मार्लो त्यामुळे माणसाळलेला खलनायक वाटत नाही. शिवाय एका बाईला रस्त्यावर मदतीसाठी हाका मारत चालायला लावून तिचं आमिष करतात, तो प्रसंग. लपलेल्यांनी बाहेर पडावं की नाही, एवढाच पेच, आणि तो पूर्ण ताकदीने येतो. मधल्या भागात असे आणखी दोन प्रसंग असते तर पाट्यांची गरजच पडली नसती.

मूळ स्टीव्ह नाइल्स आणि बेन टेम्पलस्मिथ यांचं २००२ चं कॉमिक. ते तीन अंकांत संपतं, म्हणून मधला काळ तिथे जाणवत नाही. त्यात न्यू ऑर्लीन्सचं एक उपकथानक आहे, ते सिनेमाने गाळलं. योग्य केलं. एकदा कॅमेरा गावाबाहेर गेला असता की कोंडलेपणा संपला असता. एबेन आणि स्टेला कॉमिकमध्ये सुखी जोडपं आहे, सिनेमात दुरावलेलं. या बदलाने शेवटाला वजन आलं, म्हणून मला तो शेवट पटतो. रक्त टोचून घेणं अचानक येत नाही. चावा बसलेला माणूस कसा बदलत जातो हे आधी दाखवलेलं आहे, एबेनला किंमत माहीत आहे.

ध्रुववृत्त:
भावनेला हरकत नाही, नियमाला आहे. एबेन आजीच्या घरातला अतिनील दिवा वापरून एका व्हॅम्पायर बाईला भाजतो. म्हणजे सिनेमाच्याच नियमानुसार मारतात ते अतिनील किरण. पण क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचे किरण वातावरणातून फार लांबचा पल्ला कापून येतात आणि वाटेत ओझोन जवळपास सगळे तीव्र अतिनील किरण गाळून टाकतो. त्या दुपारी एबेनवर पडणारा अतिनील मारा दिव्याच्या मानाने नगण्य असणार. राख व्हायचं तर सूर्य चांगला वर यायला हवा.

पडद्यामागे:
मग दिव्याचा प्रसंग चुकीचा म्हणा, शेवट नव्हे. उजेडाने मरणं हा नियमच मुळात पडद्यावरचा आहे. १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत काउंट दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती घटते. सूर्यप्रकाशाने मृत्यू आला तो १९२२ च्या नोस्फेराटू या मूकपटामध्ये. हा नियम प्रतिमेसाठी जन्मला आणि प्रतिमा म्हणून स्टेलाच्या मिठीतली राख चोख बसते. दिव्याने त्याला शास्त्राचा आधार द्यायला गेले, तिथे ठिगळ दिसलं.

काळीपट्टी:
बघणाऱ्यांसाठी कामाचं. या सिनेमाचे रंग मुद्दाम धुतलेले आहेत आणि तीन चतुर्थांश वेळ रात्र आहे, त्यामुळे चुकीच्या सेटिंगवर चिखल दिसतो. टीव्हीवर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि मोशन स्मूदिंग दोन्ही बंद करा, फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा. खोलीत अंधार करा, पण टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा, डोळे शिणत नाहीत. काळे कपडे आणि काळं आभाळ एकच डाग दिसत असेल तर प्लेअर आणि टीव्हीची एचडीएमआय रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मर्यादा, जुळत नाही. एक लिमिटेड आणि दुसरं फुल असलं की सावल्या बुडतात किंवा राखाडी होतात. दोन्हीकडे एकच निवडा.

नेट मंद असेल तर स्ट्रीमिंगवर बघू नका. कमी बिटरेटला काळ्या भागाचे चौकोन पडतात, आणि हिमवादळात तर चित्र फुटतंच. ब्ल्यू-रे मिळाली तर तीच घ्या. आवाजाला मागचे स्पीकर असतील तर हल्ल्याआधीच्या लांबच्या किंकाळ्या कुठून येतात ते कळतं. टीव्हीच्या स्पीकरवर त्या वाऱ्यात विरून जातात.

निशाचर:
रेंजचं तपासलं, प्लेअर फुलवर होता. @हिमरेषा, गोठलेल्या काचेचा मुद्दा वाचल्यावर माळ्यावरचे प्रसंग पुन्हा बघतो, वाफ कुठे कुठे दिसते ते टिपून इथेच टाकतो.