मदत हवी आहे: बाबांचा लघवीचा रिपोर्ट

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडजवळचे. बाबा ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. आंबा काढणी सुरू झाली की सकाळी सातपासून बागेत. दुपारी बनियन अक्षरशः पिळून दोरीवर टाकतात. पाण्याचं विचारलं की, "तहान लागली की पितो मी." ती लागतच नाही ना!

गेल्या आठवड्यात पायात गोळे यायला लागले, लघवी गर्द पिवळी, म्हणून ओढून तपासणीला नेलं. (पहिल्यांदा नमुना खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत आणला होता. परत पाठवलं.) स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट आहे ते) १.०३०, प्रोटीन 'ट्रेस' (म्हणजे अगदी किंचित), साखर नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते यावरून कळतं) १.४. शेजारच्या काकांनी लगेच "किडनी गेली" म्हणून जाहीर करून टाकलं!

मी वाचलं त्यानुसार ग्रॅव्हिटी साधारण १.००५ ते १.०३० असते आणि लघवी घट्ट असली की तपासणीच्या पट्टीवर थोडं प्रोटीन दिसू शकतं. मग दोन-चार दिवस नीट पाणी पाजून पुन्हा तपासावं का? की सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर तपासणी (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) थेट करून घ्यावी? तिच्यात ३० च्या खाली आलं तर ठीक, एवढं माहीत आहे. क्रिएटिनिनही पुन्हा बघावं लागेल ना?

आणखी एक, आई मीठ घालून कोकम सरबत देतेय. बीपीवाल्याला ते कितपत चालतं?

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. त्यांना नेमकं काय विचारू, अनुभव असलेल्यांनी सांगा.